मजकूर-फाइलींतील वेगळ्या नोंदी शोधणे

मजकूर-फाइलींतील वेगळ्या नोंदी शोधणे म्हणजे दोन याद्यांची ओळीगणिक तुलना करून एकीत असलेल्या पण दुसरीत नसलेल्या ओळी वेगळ्या काढणे. युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स, मॅकओएस, बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम्सवर हे काम कमांड लाइनवरील काही लहान आज्ञांनी केले जाते. त्यांपैकी कॉम ही आज्ञा खास याच कामासाठी लिहिलेली आहे. सॉर्ट, युनिक, ग्रेप, ऑक, जॉइन आणि डिफ या आज्ञाही कमीअधिक प्रमाणात त्यासाठी वापरल्या जातात. गणिताच्या परिभाषेत या क्रियेस संचांची वजाबाकी म्हणतात; मात्र फाइलीत एकच ओळ अनेकदा येऊ शकते आणि ओळींना क्रम असतो, त्यामुळे ही वजाबाकी शाळेत शिकविल्या जाणाऱ्या संचांच्या वजाबाकीइतकी सरळ राहत नाही.

या लेखात आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात त्या लहान रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकाव्या लागतात. कॉमचे वर्णलेखन सी-ओ-एम-एम असे, तर युनिकचे यू-एन-आय-क्यू असे आहे. मूळ इंग्रजी शब्दाची शेवटची दोन अक्षरे आज्ञेच्या नावात गाळलेली आहेत.

'वेगळी नोंद' या शब्दाचे तीन अर्थ

या विषयातील बराचसा गोंधळ आज्ञांमुळे नव्हे, तर शब्दामुळे होतो. इंग्रजीतील 'युनिक' हे विशेषण तीन निरनिराळ्या गोष्टींना लावले जाते आणि मराठीत त्याचे भाषांतर 'अद्वितीय' असे करून मोकळे झाल्यास तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात.

पहिला अर्थ पुनरुक्ती काढून टाकल्यावर उरणाऱ्या नोंदींचा. यादीत एक नाव पाच वेळा असेल तर ते एकदाच दाखवावयाचे, पण दाखवावयाचे हे निश्चित. हे काम सॉर्ट आज्ञा यू या पर्यायासह करते. दुसरा अर्थ यादीत नेमक्या एकदाच आलेल्या नोंदींचा. येथे पाच वेळा आलेले नाव मुळीच दिसत नाही. युनिक आज्ञेचा यू हा पर्याय हे काम करतो. म्हणजे एकच अक्षर, दोन शेजारच्या आज्ञांत, दोन निराळ्या अर्थांनी वापरले गेले आहे, आणि नवशिक्यांची येथे हमखास फसगत होते. तिसरा अर्थ दोन फाइलींच्या तुलनेतून निघतो: या फाइलीत आहे, त्या फाइलीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा अर्थ आहे. पहिल्या दोन्ही अर्थांना एक यादी पुरते. तिसऱ्याला दोन लागतात, आणि कोणत्या यादीतून कोणती वजा करावयाची हेही सांगावे लागते.

इतिहास

युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केला. क्रम लावणारी सॉर्ट ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती देणारी 'पाइप' ही सोय आली आणि लहान आज्ञा एकमेकींना जोडून मोठे काम करण्याची रीत रूढ झाली. कॉम आज्ञा त्याच वर्षीच्या चौथ्या आवृत्तीत दिसते. ती ली मॅकमेहन यांनी लिहिली. डिफ ही आज्ञा पुढच्या वर्षी, म्हणजे १९७४ च्या पाचव्या आवृत्तीत आली. आज लिनक्सवर जी कॉम वापरली जाते ती ग्नू प्रकल्पासाठी रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी यांनी नव्याने लिहिलेली आहे.

या वजाबाकीचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग शुद्धलेखन तपासण्याचा आहे. बेल प्रयोगशाळेतील स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ मध्ये 'स्पेल' या आज्ञेची पहिली आवृत्ती एका दुपारी तयार केली, असे जॉन बेंटली यांनी नोंदविले आहे. तिची कल्पना अशी: लेखातील प्रत्येक शब्द निराळ्या ओळीवर मांडावा, सर्व अक्षरे लहान करावीत, शब्दांचा क्रम लावावा, पुनरुक्ती काढावी आणि उरलेल्या यादीतून शब्दकोशाची यादी वजा करावी. जे उरेल ते एकतर चुकीचे, किंवा कोशात नसलेले. ब्रायन कर्निहॅन यांनी १९८२ साली एटी अँड टी कंपनीच्या एका माहितीपटात हेच उदाहरण पडद्यावर करून दाखविले आहे. शुद्धलेखन तपासणे हे भाषेचे ज्ञान लागणारे काम आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे मात्र ते भाषा न जाणणाऱ्या पाच यंत्रवत क्रियांत बसविलेले दिसते.

मराठीला ही युक्ती जशीच्या तशी लावता येत नाही. कोशात 'घर' असते. लेखात 'घराला', 'घरात', 'घरासमोर', 'घरांतून' असते. 'पाऊस' कोशात सापडतो, 'पावसात' सापडत नाही. 'फूल' सापडते, 'फुलाला' सापडत नाही. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात आणि त्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, त्यामुळे कोश वजा केल्यावर उरलेल्या यादीत शुद्ध शब्दांचीच गर्दी होते. इंग्रजीतही हा प्रश्न अल्प प्रमाणात होता. मॅकिलरॉय यांनी पुढे स्पेल नव्याने लिहिताना शब्दांचे उपसर्ग-प्रत्यय काढून मूळ शब्द कोशात शोधण्याची व्यवस्था केली. मराठीत तेवढ्याने भागत नाही, कारण प्रत्यय काढल्यावर उरलेले सामान्यरूप मूळ शब्दाकडे परत न्यावे लागते.

कॉम आज्ञेचे कार्य

कॉम दोन फाइली घेते आणि उत्तर तीन स्तंभांत देते. पहिल्या स्तंभात केवळ पहिल्या फाइलीतील ओळी, दुसऱ्यात केवळ दुसऱ्या फाइलीतील आणि तिसऱ्यात दोन्हींत असलेल्या. आज्ञेचे नाव 'सामाईक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून पडले आहे, तरी तिचा उपयोग बहुतेक वेळा सामाईक नसलेल्या ओळी शोधण्यासाठीच होतो.

उदाहरणादाखल एका वर्गाचा पट आणि परीक्षेचे अर्ज भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी घेऊ. 'पट' या फाइलीत अनिल, आशा, कविता, गणेश, मीना, सुनील अशा सहा ओळी आहेत. 'अर्ज' या फाइलीत आशा, कविता, गणेश, महेश, सुनील अशा पाच. दोन्ही याद्या क्रमाने लावलेल्या आहेत. आज्ञा अशी दिली जाते:

कॉम पट अर्ज

आज्ञा दोन्ही याद्यांच्या पहिल्या ओळीवर जणू एकेक बोट ठेवते. अनिल आणि आशा यांत अनिल क्रमाने आधी येतो. दुसरी यादी क्रमवार असल्याने आशाच्या पुढे अनिल सापडणे शक्य नाही, म्हणून अनिल पहिल्या स्तंभात लिहिला जातो आणि पहिले बोट एक ओळ खाली सरकते. आता दोन्ही बोटे आशावर आहेत, तेव्हा आशा तिसऱ्या स्तंभात जाते आणि दोन्ही बोटे सरकतात. कविता व गणेश यांचे तसेच होते. नंतर मीना आणि महेश समोरासमोर येतात. महेश क्रमाने आधी, म्हणून तो दुसऱ्या स्तंभात. मग मीना आणि सुनील; मीना पहिल्या स्तंभात. शेवटी सुनील तिसऱ्या स्तंभात. पटावर असून अर्ज न भरलेले अनिल व मीना, आणि अर्ज भरूनही पटावर नसलेला महेश, असा निकाल मिळतो.

नको असलेला स्तंभ त्याचा क्रमांक देऊन गाळता येतो. केवळ अर्ज न भरलेल्यांची यादी हवी असल्यास

कॉम -२३ पट अर्ज

असे लिहितात. येथे २३ म्हणजे तेवीस नव्हे, तर दुसरा आणि तिसरा स्तंभ गाळा, असे वाचावयाचे. आपल्याला काय हवे ते न सांगता काय नको ते सांगण्याची ही रीत प्रथम उलटी वाटते, पण एकदा ध्यानात आली की विसरत नाही. त्याच न्यायाने -१३ ने केवळ दुसऱ्या यादीतील आणि -१२ ने दोन्हींतील सामाईक नावे मिळतात.

दोन बोटांच्या या पद्धतीत प्रत्येक ओळ एकदाच वाचली जाते आणि कोणत्याही क्षणी दोन-चार ओळींपेक्षा अधिक काही स्मृतीत ठेवावे लागत नाही. ज्या पीडीपी-११ यंत्रांवर युनिक्स वाढली, तेथे एका प्रोग्रॅमला एका वेळी ६४ किलोबाइट स्मृतीच दिसू शकत असे. तेवढ्यात न मावणाऱ्या याद्यांचीही तुलना या पद्धतीने करता येई. आज स्मृतीची तितकी टंचाई नाही, तरी कोट्यवधी ओळींच्या फाइलींसाठी हीच पद्धत सोयीची ठरते.

क्रमाची अट

वरील सर्व विवेचन दोन्ही याद्या क्रमवार आहेत या गृहीतावर उभे आहे. ते मोडल्यास काय होते हे त्याच उदाहरणात पाहता येते. समजा, अर्जांची यादी अर्ज आले त्या क्रमाने ठेवली आहे: सुनील, आशा, गणेश, महेश, कविता. आता पहिले बोट अनिलवर आणि दुसरे सुनीलवर आहे. अनिल आधीचा, म्हणून पहिल्या स्तंभात. आशाही सुनीलच्या आधीची, म्हणून तीही पहिल्या स्तंभात. कविता, गणेश, मीना यांचीही तीच गत. मग सुनीलशी सुनील जुळतो, आणि उरलेले आशा, गणेश, महेश, कविता दुसऱ्या स्तंभात जातात. निकाल असा निघतो की सहांपैकी पाच जणांनी अर्ज भरलेले नाहीत. त्यांपैकी तिघांनी ते वेळेवर भरलेले आहेत.

ग्नूची कॉम अशा वेळी फाइल क्रमवार नसल्याची सूचना देते. परंतु ही सूचना त्रुटींसाठी राखलेल्या निराळ्या मार्गाने पडद्यावर येते. उत्तर एखाद्या फाइलीत साठविले असेल तर त्या फाइलीत ती उतरत नाही. फाइल दुसऱ्या दिवशी उघडणाऱ्याला केवळ पाच नावे दिसतात. ओळखण्याची एक खूण मात्र आहे: क्रम बिघडलेला असल्यास तेच नाव पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही स्तंभांत आढळते.

म्हणून प्रथम दोन्ही फाइली सॉर्टमधून काढून घेण्याचा प्रघात आहे. बॅशसारख्या शेलमध्ये तात्पुरत्या फाइली न करता, फाइलीच्या नावाच्या जागी कंसात सॉर्ट आज्ञाच लिहून आणि कंसापूर्वी 'पेक्षा लहान' हे चिन्ह देऊन हे एका ओळीत साधते.

क्रम कोणता, हा पुढचा प्रश्न. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. ॲ हे अक्षर तर तक्त्यात ह च्याही बरेच पुढे आहे, कारण ते युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली दाखल झाले. त्यामुळे ॲ ने सुरू होणारी नावे भाषेचे नियम न पाहता लावलेल्या यादीत तळाशी जातात. कॉमच्या दृष्टीने हे दोन्ही क्रम चालतात. क्रम मराठी व्याकरणाप्रमाणे असण्याची तिला गरज नाही, दोन्ही फाइलींत आणि तुलनेच्या वेळी तो एकच असला म्हणजे झाले. एक फाइल एका संगणकावर आणि दुसरी निराळ्या भाषेची मांडणी असलेल्या संगणकावर सॉर्ट केली असेल, तर दोन्ही आपापल्या परीने क्रमवार असूनही तुलना बिघडते. यावर रूढ उपाय असा की सॉर्ट आणि कॉम या दोहोंच्या आधी एलसी-ऑल या चलाला 'सी' ही किंमत द्यावी. मग भाषेचे सर्व नियम बाजूला राहून केवळ बाइटांच्या अंकमूल्यानुसार क्रम लागतो, आणि तो सर्व यंत्रांवर सारखाच असतो.

क्रम न लावता तुलना

मूळ यादीचा क्रम टिकवावयाचा असेल तर ग्रेपचा आधार घेतात. ग्रेप ही शोध घेणारी आज्ञा. तिला दुसरी फाइल 'काय शोधावयाचे' म्हणून द्यावयाची आणि व्ही या पर्यायाने निकाल उलटा करावयाचा, म्हणजे जुळणाऱ्या ओळी गळून न जुळणाऱ्या उरतात. शोधाचे शब्द फाइलीतून घेण्यासाठी लहान एफ हा पर्याय लागतो. मात्र यासोबत आणखी दोन पर्याय आवश्यक आहेत आणि ते विसरणे महागात पडते.

पहिला मोठा एफ. तो नसल्यास ग्रेप पूर्णविरामाचा अर्थ 'कोणतेही एक अक्षर' असा घेते. मराठी नावांत आद्याक्षरांपुढे पूर्णविराम असतातच, त्यामुळे न जुळणारी ओळही जुळू शकते. दुसरा एक्स, म्हणजे संपूर्ण ओळ जुळली तरच जुळली म्हणा. तो नसल्यास 'राम' हे नाव शोधताना 'रामदास', 'सीताराम', 'तुकाराम' ही सर्व नावे जुळली असे धरून गाळली जातात. आणखी एक विचित्र प्रकार येथे संभवतो. शोधयादीच्या शेवटी एखादी रिकामी ओळ राहिली असेल आणि एक्स दिलेला नसेल, तर रिकामा मजकूर प्रत्येक ओळीत 'सापडतो', सर्वच ओळी गाळल्या जातात आणि उत्तर कोरे येते. कोरे उत्तर म्हणजे कोणीच राहिले नाही, असा त्याचा अर्थ घेतला जाणे स्वाभाविक आहे.

ऑक ही १९७७ मध्ये आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी केलेली लहान भाषा. तिचे नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचे आहे. तिच्यात वजा करावयाची फाइल आधी वाचून तिच्या ओळी स्मृतीत साठवितात आणि मग दुसरी फाइल वाचताना साठ्यात नसलेल्या ओळी तेवढ्या छापतात. पहिली फाइल चालू आहे हे ओळखण्यासाठी 'आजवर वाचलेल्या एकूण ओळी' आणि 'या फाइलीतील वाचलेल्या ओळी' हे दोन आकडे समान आहेत का, ते पाहण्याची प्रसिद्ध युक्ती आहे. ती उत्तम चालते, पण पहिली फाइल रिकामी असेल तर दुसरी फाइल वाचतानाही दोन्ही आकडे समानच राहतात. ऑक तिच्याच ओळी साठवीत जाते आणि काहीही छापत नाही. एकही अर्ज आलेला नसताना 'सर्वांनी अर्ज भरले' असे दाखविणारे हे उत्तर आहे. रिकामी फाइल हा दुर्मीळ प्रसंग नव्हे. आधीची एखादी आज्ञा फसली की रिकामी फाइलच मागे राहते.

सॉर्ट व युनिक यांचीही एक जोडगोळी वापरात आहे. दोन्ही फाइली एकत्र करून सॉर्ट कराव्यात आणि युनिकने एकदाच आलेल्या ओळी घ्याव्यात. युनिक केवळ लागोपाठच्या ओळींचीच तुलना करते, म्हणून आधी सॉर्ट अनिवार्य. या रीतीने दोन्ही बाजूंच्या वेगळ्या नोंदी एकत्र मिळतात, कोणती कुठली ते कळत नाही. त्यावरचा तोडगा गमतीदार आहे: वजा करावयाची फाइल दोनदा द्यावयाची. मग तिच्यातील प्रत्येक ओळ किमान दोनदा येते आणि एकदाच आलेल्या ओळींत तिची एकही राहत नाही. पहिल्या फाइलीत मुळात पुनरुक्ती नसणे ही मात्र त्याची अट आहे.

पुनरुक्त नोंदी

एखादी ओळ पहिल्या फाइलीत तीनदा आणि दुसरीत एकदा असेल, तर ती 'वेगळी' आहे की नाही? कॉमच्या मते एकाला एक वजा जाऊन दोन उरतात, आणि त्या दोन्ही ती पहिल्या स्तंभात दाखविते. ग्रेप आणि ऑक यांच्या मते ती दुसऱ्या फाइलीत आहे एवढे पुरे. तिन्ही गाळल्या जातात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्य आहेत. देयकांच्या यादीत एकच रक्कम तीनदा लिहिली गेली असून भरणा एकदाच झाला असेल, तर कॉमचे उत्तर हवे. नावांच्या यादीत ग्रेपचे. कॉमकडूनही दुसऱ्या प्रकारचे उत्तर हवे असल्यास दोन्ही फाइली सॉर्टच्या यू पर्यायाने आधी निवडून घ्याव्या लागतात. पण एका वर्गात दोन गणेश असतील तर त्यांचा तेथे एकच गणेश होतो.

या कारणासाठी नावाऐवजी क्रमांकावर तुलना करणे इष्ट. महाराष्ट्रातील शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याला जनरल रजिस्टरमधील क्रमांक असतो. असा क्रमांक दोन्ही याद्यांत असेल तर जॉइन ही आज्ञा केवळ त्या रकान्यावर तुलना करते आणि व्ही पर्यायाने जोडीदार न मिळालेल्या संपूर्ण ओळी दाखविते. क्रमाची अट तिलाही आहे, आणि तो क्रम संख्यांचा नव्हे, अक्षरांचा असावा लागतो: म्हणजे ९ च्या आधी १०.

डिफ आज्ञेशी तुलना

दोन फाइलींतील फरक म्हटल्यावर अनेकांना प्रथम डिफ आठवते. ती मात्र निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते: पहिल्या फाइलीची दुसरी करण्यासाठी कोणत्या ओळी काढाव्या आणि कोणत्या घालाव्या लागतील. त्यासाठी ती दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची दीर्घतम मालिका शोधते. ही रीत जेम्स हंट आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. एखादे नाव यादीत वरून खाली हलविले तर डिफ त्याला एकदा काढलेले आणि एकदा घातलेले दाखविते, कॉमला तो फरकच वाटत नाही. लेखाच्या दोन मसुद्यांसाठी डिफ, दोन याद्यांसाठी कॉम, अशी वाटणी योग्य ठरते.

सारखे दिसणारे, पण सारखे नसलेले

आतापर्यंतच्या सर्व आज्ञा ओळ म्हणजे बाइटांची रांग एवढेच जाणतात. डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींत एका बाइटाचा जरी फरक असला, तरी त्यांच्या लेखी त्या दोन निराळ्या नोंदी असतात.

सर्व भाषांना लागू असलेली कारणे थोडक्यात सांगता येतात. ओळीच्या अखेरीस राहिलेली मोकळी जागा. विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत प्रत्येक ओळीअखेर असणारे जादा चिन्ह. फाइलीच्या आरंभी असणारी अदृश्य बाइट-क्रम खूण, जिच्यामुळे केवळ पहिली ओळ वेगळी ठरते. दोन फाइलींपैकी एक विंडोजवरून आलेली असेल तर एकही ओळ जुळत नाही, आणि सर्वच नोंदी वेगळ्या निघाल्या म्हणजे बहुधा हेच कारण असते.

देवनागरीची कारणे अधिक आहेत आणि त्यांचा परिणाम अंशतः होत असल्याने ती चटकन लक्षात येत नाहीत. 'दुःख' या शब्दात विसर्ग टंकण्याऐवजी अपूर्णविराम टंकण्याची सवय फार पसरलेली आहे; कागदावर फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. 'कऱ्हाड', 'दऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील अर्धा र निदान दोन प्रकारे टंकला जातो: नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. ॲ हेही स्वतंत्र अक्षर म्हणून टंकता येते, तसेच अ वर चंद्र देऊनही. देवनागरी अंक आणि रोमन अंक दिसायलाच निराळे असल्याने तेथे निदान चूक डोळ्यांना दिसते. युनिकोडपूर्व काळातील श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या याद्यांची तर युनिकोड यादीशी तुलना होऊच शकत नाही. त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात.

यांपैकी काही भेद युनिकोडच्या प्रमाणीकरणाने मिटतात. उदाहरणार्थ, एकसंध ऱ आणि र अधिक नुक्ता ही जोडी युनिकोडने समतुल्य मानली आहे. यूकॉन्व्हसारख्या साधनाने दोन्ही फाइली एनएफसी या प्रमाण रूपात आणल्यास ती एक होतात. परंतु विसर्ग आणि अपूर्णविराम, ॲ ची दोन रूपे, जोडचिन्ह असलेला अर्धा र हे भेद युनिकोडच्या दृष्टीने खरेच भेद आहेत. ते सेड या आज्ञेने एकाच्या जागी दुसरे घालून, दोन्ही फाइलींत सारख्याच रीतीने, मिटवावे लागतात.

सुनील आणि सुनिल, पाटील आणि पाटिल, कुलकर्णी आणि कुळकर्णी हा प्रकार आणखी निराळा. 'सुनील' हे रूप शुद्ध आहे म्हणून 'सुनिल' बदलून टाकणे नावांच्या यादीत योग्य नव्हे. ज्याच्या दाखल्यावर जे आहे तेच त्याचे नाव. अशा जोड्या कॉमच्या निकालात पहिल्या आणि दुसऱ्या स्तंभात समोरासमोर पडतात आणि नजरेने ताडता येतात. म्हणून केवळ -२३ चे उत्तर न पाहता दोन्ही बाजूंचे स्तंभ एकदा तरी पाहावेत.

निकालाची पडताळणी

पहिल्या स्तंभातील ओळी आणि तिसऱ्या स्तंभातील ओळी यांची बेरीज पहिल्या फाइलीतील ओळींइतकी, आणि दुसऱ्या व तिसऱ्या स्तंभांची बेरीज दुसऱ्या फाइलीतील ओळींइतकी भरली पाहिजे. वरील उदाहरणात २ अधिक ४ म्हणजे ६, आणि १ अधिक ४ म्हणजे ५. ओळी मोजण्यासाठी डब्ल्यूसी ही आज्ञा एल पर्यायासह वापरतात. ग्नूच्या कॉममध्ये 'टोटल' या पर्यायाने तिन्ही बेरजा अखेरीस मिळतात. क्रम बिघडला असतानाही ही बेरीज जुळते, त्यामुळे क्रमाची तपासणी सॉर्टच्या सी पर्यायाने निराळी करावी लागते. ग्रेप किंवा ऑकच्या कोऱ्या उत्तराचा संशय मात्र दुसरी फाइल मोजताच फिटतो.

विंडोजवर या आज्ञा मूळच्या नाहीत. तेथे पॉवरशेलमधील कम्पेअर-ऑब्जेक्ट ही आज्ञा दोन याद्या घेऊन प्रत्येक वेगळ्या नोंदीपुढे ती कोणत्या बाजूची हे दाखविणारा बाण छापते. तिला क्रमाची अट नाही, रोमन अक्षरांतील लहान-मोठा भेद ती सांगितल्याखेरीज पाळत नाही, आणि विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत फाइल वाचताना यूटीएफ-८ हे संकेतन स्पष्ट न सांगितल्यास देवनागरी मजकूर विस्कटलेला दिसू शकतो. लिनक्ससाठीच्या विंडोज उपप्रणालीत मात्र वर वर्णिलेल्या सर्व आज्ञा जशाच्या तशा चालतात.